जामीन झाला, पुढे काय? तुरुंगातून घरी येण्याचं गणित

मानपाडा म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "कुठला? ठाण्याचा की डोंबिवलीचा?" मी ठाण्याची, घोडबंदर रोडवरची. डोंबिवलीच्या मानपाड्याचं पोलीस ठाणं बातम्यांत सारखं येतं, त्यामुळे गावाकडून अधूनमधून फोन येतो, "अगं, तुमच्याकडे काय झालं म्हणे?" मग मी समजावते की तो मानपाडा वेगळा. दोन्हींत एक गोष्ट मात्र सारखी आहे. दोघांच्याही जवळ एकेक तुरुंग आहे. आमच्या बाजूला ठाणे मध्यवर्ती कारागृह, त्यांच्या बाजूला कल्याणचं आधारवाडी. कोर्ट नाक्यावरून आपण कितीदा जातो, पण त्या जाड भिंतीच्या आतून रोज माणसं सुटतात आणि आपल्यासारखीच टीएमटीची बस पकडतात, हे मनात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

यंदा आलं, कारण आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांचा मुलगा सुटून घरी आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय बावीस. सकाळी गाड्या धुवायचा. एका चोरीच्या प्रकरणात तिघांबरोबर तोही आत गेला, आठ महिन्यांनी जामिनावर बाहेर आला. खटला अजून सुरू व्हायचाय. तो आल्याच्या तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला: रविवारी मीटिंग, विषय "सुरक्षा". खरा विषय सगळ्यांना ठाऊक होता. मुलाला केबिनमध्ये राहू द्यायचं का, आणि नसेल तर काकांनाही काढायचं का.

जिन्यात सेक्रेटरीकाकांनी मला थांबवलं. "तू स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करतेस ना? मग आकड्यात सांग. असे लोक परत तेच करतात की नाही?"

माझा विषय सर्व्हायव्हल ॲनालिसिस. म्हणजे एखादी घटना घडायला किती वेळ लागतो याचा अभ्यास: बल्ब किती दिवसांनी जातो, रुग्णाचा आजार किती महिन्यांनी उलटतो, वगैरे. तुरुंगाशी त्याचा संबंध असेल असं मला वाटलं नव्हतं. पण काकांचा प्रश्न नेमका याच प्रकारचा होता. रविवारपर्यंत जे वाचलं आणि त्यानंतर जे वाचत गेले, ते इथे मांडते.

आधी एक दुरुस्ती: आत बहुतेक कोण असतं?

आपण "कैदी" म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे शिक्षा झालेला माणूस येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी तुरुंगांची आकडेवारी काढतो. २०२२ च्या अहवालात देशभरातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसं होती आणि त्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२ न्यायाधीन बंदी होते. न्यायाधीन, म्हणजे ज्यांच्यावरचा आरोप अजून सिद्ध झालेला नाही. बोलीभाषेत कच्चे कैदी. शंभरात जवळपास ७६. जागा होती ४ लाख ३६ हजार २६६ जणांची.

म्हणजे तुरुंगातून "परत येणारा" माणूस बहुतेक वेळा शिक्षा भोगून येत नाही. तो जामिनावर येतो, डोक्यावर तारखा घेऊन. त्याने गुन्हा केला की नाही हे कोर्टानेही अजून ठरवलेलं नसतं. आमच्या मुलाचंही तसंच.

जामीन मंजूर, तरीही आत

या मुलाला जामीन मंजूर झाला तो साडेसहा महिन्यांनी. सुटका झाली आठ महिन्यांनी. मधला दीड महिना कुठे गेला?

कोर्टाने पंधरा हजारांचा जामीन दिला आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार मागितला. जामीनदार म्हणजे पगारपत्रक किंवा मालमत्तेचे कागद आणि रेशनकार्ड घेऊन कोर्टात उभा राहणारा माणूस. काका मूळचे जालना जिल्ह्यातले. जमीन तिकडे, रेशनकार्ड तिकडे, नातेवाईक तिकडे. ठाण्यात त्यांच्यासाठी सही करेल असं कोण? आमच्या सोसायटीत पगारपत्रक असलेली किमान सत्तर माणसं राहतात. काकांनी कुणालाच विचारलं नाही. मी त्यांच्या केबिनवरून रोज जात होते, मीही काही विचारलं नाही.

ही अडचण जुनी आहे. १९७८ मध्ये मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. मोतीराम गवंडी होता. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याची हमी नाकारली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरिबाकडून असा जामीन मागण्यावर कडक शब्दांत टीका केली आणि हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. त्याला आता पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली.

अलीकडे काही गोष्टी बदलल्या आहेत, त्या माहीत असू द्या. कधी कुणाला उपयोगी पडतील.

जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृह अधीक्षकांकडे जावा. सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. महिनाभर जामीनदार मिळाला नाही, तर कोर्टाने अटी शिथिल करण्याचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी मदतीची योजना आणली: तेव्हा ठरलेली मर्यादा न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत, शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत होती. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडायचं असतं. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असतील तर हा नियम लागत नाही.

या दीड महिन्याने काय होतं? रांगांच्या शास्त्रात एक अगदी साधा नियम आहे, लिटलचा नियम. कुठल्याही ठिकाणी सरासरी किती माणसं आहेत = रोज येणारे × प्रत्येकाचा सरासरी मुक्काम. समजा एखाद्या तुरुंगात रोज दहा जण येतात आणि सरासरी ६० दिवस राहतात. आत कायम ६०० जण दिसतील. आता जामीनदार न मिळाल्यामुळे सरासरी मुक्काम २० दिवसांनी वाढला असं धरा. गुन्हे एकानेही वाढले नाहीत, अटका वाढल्या नाहीत, तरी आत ८०० जण होतात. बरॅकमध्ये कुशीवर झोपावं लागतं त्यामागे हा गुणाकारही असतो.

सुटकेची संध्याकाळ

आता दाराबाहेर येऊ. कोर्टाचे कागद पोचून, तपासून होईपर्यंत बऱ्याचदा संध्याकाळ होते. माणूस गेटबाहेर उभा असतो. हातात पिशवी. मोबाईल पोलिसांनी जप्त केलेला.

मोबाईलचं महत्त्व मला या मुलामुळे कळलं. सिमकार्ड साधारण तीन महिने वापरलं नाही की कंपनी नंबर बंद करू शकते, पुढे तो दुसऱ्याला मिळतो. नंबर गेला की आधारचा ओटीपी येत नाही. ओटीपी नाही म्हणजे बँकेचं ॲप नाही, यूपीआय नाही. डिलिव्हरीच्या कामासाठी अर्ज करायचा तर तिथेही नंबर आणि आधार लागतं, वर पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. खटला चालू असताना त्या प्रमाणपत्रावर काय शेरा येणार ते सांगायला नको. दर काही दिवसांनी कोर्टाची तारीख असते आणि त्या दिवसाचा रोज बुडतो. तारीख चुकली तर वॉरंट निघतं आणि पुन्हा आत. नवा गुन्हा न करताही माणूस परत आत जातो तो असा. आपल्याला मात्र "परत गेला" एवढंच दिसतं.

पहिल्या दोन आठवड्यांचा कडा

माझ्या विषयात "हॅझर्ड" नावाची एक संकल्पना आहे. मराठीत तात्कालिक जोखीम म्हणू. आत्तापर्यंत काही झालं नाही असं धरलं, तर या क्षणी ते होण्याची जोखीम किती? ही जोखीम काळाबरोबर बदलते. नवं मशीन पहिल्या महिन्यात बिघडलं नाही तर पुढे बराच काळ चालतं. म्हणजे सुरुवातीला जोखमीचा उंच कडा असतो आणि मग उतार.

सुटकेनंतरचा आलेखही असाच दिसतो. इन्ग्रिड बिन्सवँगर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला एक अभ्यास प्रसिद्ध केला. तुरुंगातून सुटलेल्या ३० हजार २३७ जणांचं पुढे काय झालं ते त्यांनी पाहिलं. सुटल्यावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूची जोखीम तिथल्या सर्वसाधारण लोकांच्या १२.७ पट होती. त्यात मोठा वाटा अमली पदार्थांच्या अतिसेवनाचा, त्यामुळे हा आकडा उचलून ठाण्याला चिकटवता येणार नाही. पण आलेखाचा आकार महत्त्वाचा. सगळ्यात मोठा धोका सुटकेच्या दिवसाला चिकटून असतो आणि नंतर तो ओसरतो. याचा सरळ अर्थ: मदत करायची तर ती पहिल्या दिवसापासून हवी, सहा महिन्यांनी नव्हे. खरं तर सुटकेच्या आधीपासून.

नेमकं हेच काम काही लोक आपल्याकडे कित्येक वर्षं करत आहेत.

बरॅकमध्ये जाणारा समाजकार्यकर्ता

१९९० मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात "प्रयास" नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यामागचा विचार साधा होता. इस्पितळात डॉक्टरांबरोबर समाजकार्यकर्ता असतो, मग तुरुंगात का नसावा? प्रा. विजय राघवन यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलं गेलं आहे. पुढे हे काम मुंबईबाहेरच्या तुरुंगांतही पसरलं.

समाजकार्यकर्ता आत जाऊन काय करतो? आधी विचारतो: घरी कळवलंय का? कितीतरी जणांच्या घरी पत्ताच नसतो की आपला माणूस कुठे आहे. मग वकील आहे का, जामीन झालाय का, कशासाठी अडलाय. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज. जामीनदार नसेल तर रक्कम कमी करावी किंवा रोख भरू द्यावी असा अर्ज. बाहेर मुलं एकटी असतील तर त्यांची सोय. सुटल्यावर राहायला जागा नसेल तर निवारा, कागदपत्रं, दवाखाना, काम. प्रयासच्या कामातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे सुटलेल्या माणसांना काही महिने वेगवेगळ्या स्वयंसेवी संस्थांत विद्यावेतनावर प्रशिक्षणार्थी म्हणून ठेवणं. तिथे रोज वेळेवर जायचं, लोकांत बसायचं, चुकलं तर बोलणी खायची, महिनाअखेर पैसे घ्यायचे. काम शिकणं हा त्यातला अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे लोकांत राहण्याची सवय परत लावणं.

आमच्या मुलाचाही दीड महिन्याचा पेच असाच सुटला. तुरुंगात येणाऱ्या एका समाजकार्यकर्त्या ताईंनी काकांना फोन केला, जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरू द्यावी असा अर्ज करवला. काकांनी गावाकडून पैसे उभे केले.

आणि हा विचार आपल्या मातीत नवा नाही बरं. १९३९ मध्ये औंध संस्थानात, आटपाडीजवळ, बंद्यांना भिंतीबाहेर शेतीवर ठेवण्याचा प्रयोग झाला. मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना, राजे भवानराव पंतप्रतिनिधींचा पाठिंबा. तीच आजची स्वतंत्रपूरची खुली वसाहत. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा "दो आँखें बारह हाथ" त्यावरूनच सुचला आणि त्याची कथा लिहिली त्याच मुलखातल्या गदिमांनी.

"परत तेच करतात": आकडा फसवतो कसा

आता काकांचा मूळ प्रश्न. इथे एक सांख्यिकी सापळा आहे, जो मलाही पटकन दिसला नव्हता.

समजा दहा जण तुरुंगात गेले. आठ जण एकदाच गेले आणि परत कधी आले नाहीत. दोघे मात्र पुढच्या दहा वर्षांत एकूण पाच-पाच वेळा आत-बाहेर झाले. माणसं मोजली तर दहांपैकी दोघेच परतणारे, वीस टक्के. आता गेटवर बसून सुटका मोजा. आठ जणांच्या आठ आणि दोघांच्या दहा, एकूण अठरा. त्यांतल्या दहा सुटका त्याच दोघांच्या! म्हणजे गेटवर उभ्या असलेल्या शिपायाला निम्म्याहून जास्त वेळा त्याच दोघांपैकी कुणीतरी दिसणार. तो खोटं बोलत नाही. त्याला दिसतंच तसं, कारण जो परत येतो तो पुन्हा पुन्हा दिसतो आणि जो सुधारून शांतपणे जगतो तो दिसेनासा होतो.

विल्यम ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या सतरा राज्यांच्या नोंदी या दृष्टीने पुन्हा तपासल्या. सुटका मोजण्याऐवजी माणसं मोजली. निष्कर्ष: दर तिघांपैकी साधारण दोघे पुन्हा तुरुंगात गेलेच नाहीत. देश वेगळा, कायदे वेगळे, पण मोजण्याची चूक जगभर सारखीच होते, व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा.

काम मिळालं तर?

डेवा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मिलवॉकी शहरात एक प्रयोग केला, २००३ मध्ये तो छापून आला. सारखी पात्रता असलेल्या तरुणांना नोकरी मागायला पाठवलं, फरक एवढाच की काहींच्या अर्जात तुरुंगवासाचा उल्लेख. गोऱ्या उमेदवारांत उल्लेख नसलेल्या ३४ टक्के अर्जांना पुढचं बोलावणं आलं, उल्लेख असलेल्या १७ टक्क्यांना. काळ्या उमेदवारांत हेच आकडे १४ आणि ५. म्हणजे कलंक एकटा येत नाही, आधीच्या भेदभावावर चढून बसतो. जात, वस्ती, आडनाव यांच्याबाबतीत आपल्याकडे काय होतं, ते तुम्हीच आठवून बघा.

मग काम मिळवून दिलं तर सगळं ठीक होतं? इथे प्रामाणिक राहायला हवं. न्यूयॉर्कमध्ये सुटलेल्या जवळपास हजार जणांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला: काहींना लगेच तात्पुरतं पगारी काम, बाकीच्यांना फक्त जुजबी मदत. नोकरीतला फायदा वर्षभरात विरला. पण पुन्हा गुन्ह्याकडे वळणं कमी झालं, आणि तेही मुख्यतः ज्यांना सुटकेनंतर तीन महिन्यांच्या आत काम मिळालं त्यांच्यात. पुन्हा तोच कडा. तीच मदत उशिरा दिली तर तिचा उपयोग बराच कमी होतो.

घरच्यांच्या भेटींचंही तसंच. मिनेसोटात १६ हजार ४२० जणांच्या अभ्यासात, ज्यांना आत असताना भेटायला कुणी आलं त्यांना पुन्हा शिक्षा होण्याची जोखीम १३ टक्क्यांनी कमी दिसली. मात्र ज्यांचं घर मुळात धरून ठेवणारं असतं त्यांनाच भेटायला माणसं येतात, त्यामुळे सगळं श्रेय भेटीला देता येत नाही. संशोधकांनी इतर फरक शक्य तितके वजा केले होते, तरी ही शंका मनात ठेवूनच आकडा वाचावा.

रविवारची मीटिंग

मी मीटिंगमध्ये आलेख वगैरे काही काढले नाहीत. तीन गोष्टी बोलले. एक, त्याचा गुन्हा सिद्ध झालेला नाही आणि तो निर्दोष आहे असंही मी म्हणत नाही. ते कोर्ट बघेल. दोन, परत वळण्याचा धोका असलाच तर तो आत्ताच्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त आहे आणि नेमक्या याच आठवड्यांत आपण त्याचं छप्पर आणि बापाची नोकरी काढायला निघालो आहोत. म्हणजे सुरक्षेच्या नावाखाली धोका वाढवणं. तीन, तो कुठेतरी राहणारच. इथे नाही तर दुसऱ्या कुणाच्या तरी गेटजवळ.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "माझ्या घरात चोरी झाली तर तुझा आलेख भरून देणार का?" प्रश्न चुकीचा नव्हता. मी म्हटलं, नाही. शून्य जोखमीचा पर्याय माझ्याकडे नाही, तुमच्याकडेही नाही. दोन जोखमींतली कमी कुठली, एवढंच मी सांगू शकते.

शेवटी ठरलं ते असं: तीन महिने दोघांनाही राहू द्यायचं. गाड्या धुण्याचं काम आधीच्या सतरांपैकी सहा जणांनी परत दिलं. चाव्या मात्र मालकांकडेच. सेक्रेटरीकाकांनी आपल्या जुन्या फोनमध्ये त्याला नवं सिम घालून दिलं. आधारला नवा नंबर जोडायला मी त्याच्याबरोबर केंद्रावर गेले, दोन तास रांगेत होतो. तो फारसं बोलला नाही. फक्त एकदा म्हणाला, "ताई, आत सगळ्यात जास्त कशाची भीती वाटायची माहितेय? तारखेला कुणी येणार नाही याची."

तुमच्या ओळखीत कुणी असं अडकलं असेल तर १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक लक्षात ठेवा, वकील मोफत मिळतो. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात परिवीक्षा अधिकारी असतात, त्यांच्याकडेही जाता येतं. आणि तुमच्याकडे पगारपत्रक आणि ठाण्याचं रेशनकार्ड असेल, तर ते कुणाच्या तरी दीड महिन्याएवढं मोलाचं आहे, हेही असू द्या ध्यानात. मात्र जामीनदार होताना अटी वाचून, वकिलाला विचारूनच सही करा. माणूस तारखेला आला नाही तर रक्कम तुम्हाला भरावी लागू शकते.

त्याची पुढची तारीख येत्या गुरुवारी आहे. काकांना सुट्टी मिळत नाहीये. कोर्ट नाका माझ्या वाटेवरच आहे, मी जाणार आहे.